माडावर

फोन्सेकच्या दवाखान्यात मी बाटल्या धुवायचो
आणि दर शनिवारी रेडिओची बॅटरी खांद्यावर घेऊन
बंदरावरच्या गिरणीत भरायला न्यायचो.
ॲसिडने सदऱ्याला पडलेली भोकं मोजली
तर सांगता येईल
मालवणात रेडिओ किती शनिवार वाजला.

मंडळीतले सगळे एकाच बोटीने गेले मुंबईला:
बाबल लुडबे, घशातून जनावरं काढणारा,
चोपडेकर, जलतरंगाच्या वाट्या पेंढ्यात बांधून,
लुगडं नेसून गाणारा दत्तू टिकम,
आणि रवळू मेस्त,
ज्याच्याकडे बांधून नेण्यासारखं काहीच नव्हतं.

जत्रेत तो नसलेल्या माडावर चढायचा. एवढंच.
कमरेला नसलेला कोयता, पायांत नसलेला फास,
मिठी मारायचा हवेला
आणि हवा खरबरीत व्हायची.
पुढ्यातली पोरं मागे सरकायची, नारळ पडेल म्हणून.
सगळ्यात जास्त हशा मात्र उतरताना:
निम्म्यावर आल्यावर त्याला भीती आठवायची.

केंद्रावरच्या साहेबाने विचारलं, आवाज कसला काढता?
"आवाज नाय साहेबानू, मी माडार चढतंय."
साहेब हसला म्हणून घेतलं, असं रवळू सांगायचा.
बाबल म्हणतो, गाणारी बाई तापाने पडली होती,
पाच मिनिटं रिकामी होती.

त्या संध्याकाळी फोन्सेकच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.
एरियलची तार दोन खऱ्या माडांना बांधलेली.
बाबलचा कोंबडा आरवला,
शेजारच्या परड्यातून त्याला उत्तर गेलं.
वाट्या वाजल्या.
दत्तू इतका बाई झाला
की त्याची बायको उठून घरी गेली.

मग, अगदी शहरी उच्चारात:
"रवळनाथ मेस्त, मालवण."
मग काही नाही.
वाळूवर जाळं ओढल्यासारखी खरखर.
फोन्सेक बटण पिरगाळायला उठला,
तेव्हा रवळूची आवस म्हणाली,
"हात लावू नुको. चढता हा तो."

एक श्वास.
तळहातावर थुंकल्याचा आवाज.
मग दुसरा श्वास, जरा वरून.
पहिली मान कुणी उचलली ठाऊक नाही.
मी बघितलं तेव्हा अख्खा ओटा वर पाहत होता,
वाशांकडे, कौलांकडे,
आणि तांडेलांची चार वर्षांची शकू
बसल्या जागेवरून हळूच मागे सरकली.

खट्.
सनईची तबकडी.
मुंबईला वाटलं, यंत्र बिघडलं.

बाबल तिकडेच राहिला,
पुढे त्याच्या कोंबड्याचीही तबकडी निघाली.
रवळू साडेसात रुपये घेऊन परत आला.
पडावातून उतरतो न उतरतो तोच बाजार विचारायला लागला,
"काय रे, माडावरसून उतारलंस कधी?"
पहिल्या दिवशी हसला.
मग म्हणायचा, "उतरूक दिल्यानी खंय?"
पुढच्या जत्रेत त्याने पेट्या उचलल्या,
कंदिलांत तेल घातलं.

म्हातारी मात्र दर शनिवारी ओट्यावर येऊन बसायची.
बातम्या, बाजारभाव, कुणाचं तरी भजन,
मधली खरखर ती कान देऊन ऐके.
संपलं गं आजी, मी दिवा बारीक करत म्हणायचो.
"थांब रे. कोयतो पडूक नाय अजून."

आणि तिकडे धुरीवाड्यात
रवळू पान वाढून
तिच्यासाठी जेवायचा थांबलेला असायचा.