अडतिसावा आठवडा

रुपयाचं नाणं टायरच्या खाचेत उभं केलं
तर जवळजवळ सगळाच रुपया बाहेर राहिला.
सरदाना म्हणाला, बाई, यात रबर नाही उरलं,
तुमचा भरवसा तेवढा उरलाय.

ट्रान्सपोर्ट नगर, सकाळचे अकरा,
धुकं अजून ट्रकांच्या टपांवर बसलेलं.
मी लष्करातून आले, लज्जाराम जौऱ्याहून,
मफलर कानांवरून न काढता.
पिकअप दोघांची. म्हणजे कर्ज माझं, स्टिअरिंग त्याचं
आणि मागच्या साठ पेट्यांतल्या मधमाश्या
कोणाच्याच नव्हेत.

मोहरी पिवळी झाली की आम्ही रात्री निघतो,
सगळ्या घरी परतल्यावर, दारांना जाळी ठोकून.
हायवे सुटतो. पुढे बीहड.
तिथे वाट म्हणजे
गेल्या पावसानं बदललेलं मत.

मार्चमध्ये परतताना आसनच्या वाळूत
मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली.
गुळगुळीत, सभ्य, हायवेचे टायर. आवाज म्हणून नाही.
उजाडलं. उन्हं पेट्यांवर आली.
लज्जाराम म्हणाला, जाळ्या काढू.
मी म्हणाले, थांब, उडून जातील, ट्रॅक्टर येतोय.
ट्रॅक्टर अकराला आला.
अकरा पेट्या आपल्याच उकाड्यात गेल्या,
तळाशी ओंजळ ओंजळ, ओल्या चहापत्तीसारख्या.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
आम्ही टायरवर बोलतो.

सरदानानं एक गडगडत आणला, दातेरी, जाड कडांचा.
हा चिखल खातो, वाळू खातो,
बाभळीचा काटा याच्यापुढे हात जोडतो.
हायवेला जरा गातो, एवढंच. रेडिओ मोठा करा.
मागे बसणाऱ्यांना रेडिओ नाही, मी म्हणाले.
लेबर आहे? मग कापूस द्या कानांत.
किती जण?
बारा लाख, लज्जाराम म्हणाला. थंडीत कमी.

सरदाना बिल बुकावर पेन तसंच धरून राहिला.

मग लज्जारामनं मफलर सोडला
आणि एकेक टायर अंगणातून ढकलत नेला,
कमरेत वाकून, कान लावून, पंक्चरवाली पोरं हसत असताना.
चालीच्या वेगाला कुठलाच टायर काही सांगत नाही.
हे त्यालाही ठाऊक होतं.
तरी तिसऱ्यापाशी तो थांबला. दाते लहान, दाट,
एकमेकांना खेटून, पोळ्यातल्या घरांसारखे
(हे मी म्हणतेय, तो असं बोलत नाही).
अंगठा दाबला. वास घेतला.
कडेवरचे चार आकडे विचारले.
मागल्या वर्षीचा अडतिसावा आठवडा, सरदाना म्हणाला, ताजा माल.
बाजरीचा, लज्जाराम म्हणाला.
कसला?
तेव्हा बाजरी फुलावर होती.
आणि जुन्यांवर पाचवा आठवडा.
मोहरी. चांगलं साल होतं ते.

किमतीवर मी पाऊण तास घासाघीस केली.
सराफ्यात माझ्या मंगळसूत्रासाठी
कोणी इतका वेळ घेतला नव्हता.
शेवटी दोन मागे नवे, पुढचे दोन पुढच्या महिन्यात,
हवा कमी ठेवायची वाळूत, वर आल्यावर भरायची,
आणि एक चहा सरदानाकडून.

त्याच रात्री नूराबादच्या पुढे
साठच्या वेगाला ते गाऊ लागले.
खालून एक सूर. मागून दुसरा, वर चढत चाललेला.
लज्जारामनं पाय सैल केला.
पंचावन्न. पन्नास.
पंचेचाळीसला खालचा सूर मागच्याच्या पोटात शिरला
आणि मागचा हळूहळू उतरला.
पंचेचाळीस, तो म्हणाला. मी वहीत लिहिलं.

हायवे सोडताना म्हणाले,
यापुढे जाळी कधी काढायची, ते तू सांगायचं.

त्यानं गिअर बदलला.
चाकांखाली माती आली,
आणि टायर गप्प झाले.