गुलाबी पाणी

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी हॅल्वरनं घराचं पाणी बंद केलं,
फ्रिजच्या दारात टॉवेल अडकवला,
आणि लिंडक्विस्टबाईंच्या हातात किल्ली देताना
कुंड्यांबद्दल सांगायचं ते तिसऱ्यांदा सांगितलं.
कुंड्या दोन. त्यातली एक प्लास्टिकची.

एकतीस हिवाळे त्यानं काउंटीचा नांगर चालवला,
मातीतला नव्हे, बर्फातला.
पहाटे साडेतीनला उठायचा, गजराशिवाय,
आणि शाळेची बस निघायच्या आत
अर्ध्या गावाला त्याचे रस्ते परत द्यायचा.
मला जाग यायची तेव्हा पलंगाची त्याची बाजू
केव्हाच निवलेली असायची.
आता नांगर ऑस्कारच्या पुतण्याकडे.
पोरगा वळणावर पातं लवकर उचलतो, म्हणतो हॅल्वर.
मिनेसोटा संपेपर्यंत चारदा म्हणाला.

बत्तीस फुटांचं हे घर चालायला लागलं की बोलायला लागतं:
चमचे, कपाटांच्या कड्या, न्हाणीतला आरसा,
आणि काहीतरी खाली डावीकडे, जे सापडत नाही.
आयोवात आडवा वारा.
कॅन्ससमध्ये बशी फुटली.
"एक गेली," मी म्हटलं.
"मोजत बसू नकोस, आर्डिस," तो म्हणाला,
ज्यानं कालपासून प्रत्येक पेट्रोल पंपावर
लिटरभर फरकासाठी वही काढली आहे.

नळांना मात्र हात लावायचा नाही.
नळ्यांमध्ये गुलाबी औषध आहे,
गोठून फुटू नयेत म्हणून ऑक्टोबरातच भरलेलं.
तीन दिवस कॅनमधलं पाणी पेल्यानं मोजून घेतलं,
दात घासले परक्या बेसिनांवर,
ट्रकवाल्यांच्या शेजारी उभं राहून.
मुकाट नळाकडे बघत मला वाटत राहिलं,
आपल्यातही कुणी भरून ठेवलं असेल का हे,
कधीतरी, थंडीच्या आधी, न विचारता?

डेमिंगच्या अलीकडे डोंगर बाजूला झाले.
झुडपं उभी एकमेकांपासून अंतर राखून,
वाटण्या झालेल्या भावांसारखी.
पाटी म्हणाली: धुळीची वादळं असू शकतात.
"असू शकतात म्हणजे काय?" हॅल्वर चिडला.
"आहेत की नाहीत, ते सांगा ना."

तळाच्या मालकीणबाई युफेमिया बाका,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात नातवाचे बूट.
आमच्या नंबरप्लेटकडे बघून त्यांनी जाकिटाची चेन वर ओढली.
"नळ उघडा खुशाल. या आठवड्यात काही गोठत नाही.
जानेवारीचं मी बोलत नाही."
जाताना भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी दिली.
हॅल्वरनं एक चावली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
जेवताना माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं.

मग त्यानं पंप चालू केला.
नळ आधी खोकला,
मग गडद गुलाबी, मग फिका,
बाळाच्या जुन्या झबल्याइतका फिका,
आणि मग ते पाणीच होतं.
आम्ही दोघं त्या एवढ्याशा बेसिनवर वाकून
बराच वेळ पाहत राहिलो.
पहिल्या कॉफीला औषधाचा वास आला.
तीही प्यायलो.

रात्री लिंडक्विस्टबाईंचा निरोप: अकरा इंच पडला, अजून पडतोय.
हॅल्वरनं फोन उपडा ठेवला.

साडेतीनला तो उठला.
या वेळी मी जागी होते.
दाराच्या चौकटीत उभा राहिला, मोजे घातलेला,
पुढे मैलोन् मैल वाळवंट, वर चांदण्या,
आणि हटवण्यासारखं काही नाही.
किती वेळ गेला कुणास ठाऊक.
मग खुंटीवरून केरसुणी निघाली.
पायरीवर वाऱ्यानं आणलेली वाळू होती,
चिमूटभर असेल.
ती झाडली. मग पायरीखालची.
मग शेजारच्या झोपलेल्या गाडीच्या दारापर्यंत
एक पट्टा, सरळ, दोन हात रुंद.

मी त्याच्या बाजूला सरकले.
अंथरूण अजून ऊन होतं.
बाहेर खर्र, खर्र,
वळणावर थोडं थांबून,
पुन्हा खर्र.