हाफ सेट

सायबण्णानं रजिस्टरात माझी सही घेतली :
कवटी एक, जबडा एक,
मानेचे मणके सात, दोऱ्यात ओवलेले.
"परत घेताना मोजीन," म्हणाला,
"मागच्या वर्षी एका पोरानं सहाच आणले."

बॅगेत मावेना.
जुन्या चादरीत गुंडाळली, मोराच्या, काठ उसवलेल्या,
आणि शेअर रिक्षात मांडीवर धरून
निघाले विडी घरकुलाकडे.
एप्रिल. रिक्षाचा दांडा हाताला चटके देत होता.
शेजारची बाई म्हणाली, कलिंगड का गं?
मी मान हलवली, हो.

हो म्हणताना डोकं पहिल्या मणक्यावर झुलतं.
नाही म्हणताना तो पहिला मणकाच
दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो.
हे त्याच सकाळी शिकले होते.
खोट्यासाठी वेगळं हाड नाही.

आई उंबऱ्याच्या आत, सूप मांडीवर,
मान त्याच कोनात, मी जन्मल्यापासून पाहते त्या.
तिचा सातवा मणका पदराबाहेर
गाठीसारखा वर आलेला.
पुस्तकात त्याला 'उठून दिसणारा' म्हणतात.
आमच्या गल्लीत काही म्हणत नाहीत,
बाम लावतात.

मी मोठ्यानं पाठ करू लागले :
कपाळाचं एक, मागचं एक,
कानशिलाची दोन, माथ्याची दोन,
आणि त्यांच्या मधल्या शिवणी, नागमोडी,
दात्यात दाता अडकलेल्या.
आई विडी वळता वळता म्हणाली,
शिवण नाही ती. शिवण उसवते.
हे विणलंय.

मग म्हणाली, बघू.
तंबाखूचा वास जाईपर्यंत हात धुतले.
मला वाटलं होतं ओरडेल,
देवांवर पडदा ओढेल.
पडदा तिनं मी यायच्या आधीच ओढला होता.

बाजारात घागर पारखावी तशी
तिनं कवटी उलटी केली,
खालच्या मोठ्या भोकाला डोळा लावला.
आत अंधार, आणि पार पलीकडे
टाचणीएवढे दोन उजेड.
मग अंगठा वरच्या दातांवरून फिरला
आणि थांबला.

एवरिदी? तिनं विचारलं. कुणाचं हे?
नाव नसतं आई, नंबर असतो.
कांडीवाली आहे, ती म्हणाली.
पटाशीच्या दातात खाच होती,
एवढीशी, तिरकी, गुळगुळीत.
धागा तोडतोडून पडते, म्हणाली.
आठवडाभर तो दात माझ्या समोर होता,
सरांच्या समोर वीस वर्षं.

आईनं स्वतःचा ओठ उचलून दाखवला.
तिथंच. किंचित उजवीकडे.
लग्नाआधी सात वर्षं,
साखर पेठेत, गुंडेटीच्या मागावर.
तीस वर्षं झाली असतील धागा सोडून,
खाच मात्र बुजत नाही.

आणि हा खालचा, ती म्हणाली, हिचा नाही.
वर खाच आहे, खाली नाही.
एका दातानं धागा तोडतं का कुणी?
ह्या माणसानं कडक भाकरी खाल्लीय जन्मभर,
बघ, दाढा कशा जात्यासारख्या सपाट.

मी जबडा काढला, पुन्हा लावला.
सांध्यात तो डुगडुगत होता.
मला वाटलं होतं, माझ्या हातालाच वळण नाही.

रात्री तिनं दोघांना वेगवेगळं ठेवलं,
कवटी चादरीत,
जबडा माझ्या ओढणीत.
ओळख नाही एकमेकांची, म्हणाली,
झोपू देत.

सोमवारी सायबण्णा हसला नाही.
"असंच असतं. धुताना मिसळतात.
बसेल तो बसवायचा."
आणि मणके? मी विचारलं. ते कुणाचे?
त्यानं मोजले. सात. बरोबर.
दोरा सैल झाला होता,
नवी गाठ मारली,
आणि उरलेला धागा
दातानं तोडला.