शेरा

धक्क्यामागच्या गॅसखोलीची किल्ली
माझ्या कमरेला असते, बटव्याच्या जागी.
आत ऑक्सिजनचे काळे बाटले, पांढऱ्या खांद्यांचे.
मधल्या भिंतीपलीकडे ॲसिटिलीनचे, सुक्या कोकमाच्या रंगाचे.
सगळे उभे. सगळे साखळीत.
नवा हेल्पर म्हणतो, ताई, गोठाच की हा.
मी म्हणते, गुरं बरी. गुरं आधी हंबरतात.

हे काम मला दाऊद होडेकरांनी शिकवलं.
पश्चिमेच्या जांभ्याच्या भिंतीत एक भोक आहे,
ते बुजवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.
कुणी एकाने बाटला आडवा लोळवत आणला होता,
टोपण न लावता. पायरीवर त्याची मान मोडली
आणि दीड मण लोखंड
सुरमई सुटावी तसं सुटलं,
भिंतीतून, माडाचं साल काढून, थेट दाभोळच्या खाडीत.
माणूस कुणी गेलं नाही.
दाऊदभाईंचा डावा कान गेला.
तरी रोज सकाळी ते उजवाही बाजूला ठेवायचे,
साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवायचे
आणि एकेका बाटल्याच्या गळ्यापाशी
दाढी करायला बसल्यासारखे बसायचे.
"कान फसवतो गो बाय. फेस नाय फसवत."

खारा वारा टोपणांचे आटे खातो.
मी ते मोजते. वहीत लिहिते:
नंबर, भरलेला की रिकामा, टोपण, शेरा.
रिकामा म्हणजे रिकामा नव्हे,
तळाशी थोडा उरतोच, घरातल्या रागासारखा.
त्याचीही चावी बंद, त्यालाही साखळी, फक्त जागा वेगळी.

परवा, नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना,
म्हादेव जांभारकर तांडेलाचा ट्रॉलर उताणा पडल्यागत घसरणीवर होता,
शाफ्टचा ब्रॅकेट तुटलेला, भरती चढत होती.
त्याचा भाचा सर्वेश धावत आला
शेजारच्या होडीला मुशीचं तेल फासता फासता,
कोपरापर्यंत तुकतुकीत,
आणि सरळ ऑक्सिजनच्या चावीला हात घातला.
मी मारलं त्याच्या हातावर.
चार माणसांत. पट्टीने, वहीच्या.

तांडेल ओरडला, भरती थांबणार काय तुझ्यासाठी?
पोरगा पुटपुटला, हवाच तर आहे आत.
हवाच आहे, बाबा.
पण दीडशेपट कोंबलेली,
आणि तिला तेल भेटलं
की काडी लागत नाही, वात लागत नाही.
त्याला दोनदा साबण लावायला लावला.
तळवे नाकाशी धरले, अजून मुशी येत होती.
तिसऱ्यांदा धुतले.
मग मीच बाजूला उभी राहून
चावी हळू, अगदी हळू फिरवली,
झोपलेल्या पोराच्या हातून खेळणं काढावं तशी.
भरती गेली. बोट दुसऱ्या भरतीला उतरली.
त्या रात्री मला वाटत राहिलं, पट्टी मारायला नको होती.

काल दुपारी ट्रॉलीची चाकं वाजली.
सर्वेश रिकामा बाटला घेऊन आला,
उभा, साखळीने बांधलेला, टोपण गच्च.
बोलला काही नाही.
दारातच थांबला आणि दोन्ही तळवे
माझ्या नाकासमोर धरले.

मी वही उघडली. नंबर. रिकामा. टोपण आहे.
शेऱ्याच्या रकान्यात पेन जरा घुटमळलं.
तो रकाना कोरा राहिला की पगार फिटला,
असं दाऊदभाई म्हणायचे.
मी लिहिलं: हात कोरडे.

ऊन असेल तर तीनच्या सुमाराला
भोकातून त्याचा एक रुपया आत पडतो,
फरशीवरून सरकत सरकत
सात नंबरच्या खांद्यावर चढतो.
मी साखळी सोडते,
बाटला बुडाच्या कडेवर फिरवत वीतभर सावलीत घेते,
आणि पुन्हा बांधते.