आवाज बदलून द्या

माझ्याकडे शांत करायला कुणी गाडी आणत नाही,
तरी त्या नळीला सायलेन्सर म्हणतात
आणि पाटीवर मीही तेच लिहिलंय.
अंबड लिंक रोड, वजनकाट्यामागे, पत्र्याची शेड.

पोरं येतात. कॉलेजची, द्राक्षाच्या पैशाची, हप्त्यावरची.
"दादा, भरीव पाहिजे."
फाटका नको, डबा बडवल्यासारखा तर नकोच.
भरीव.
मग मी कंपनीचा पाइप उभा कापतो.
आत तीन खोल्या असतात. धूर एकीतून दुसरीत जातो,
परत फिरतो, तिसरीत दम टाकतो,
बाहेर येईस्तोवर सरकारी नोकर झालेला असतो.

मी भिंती काढतो. सगळ्या नाही.
सगळ्या काढल्या की गाडी नुसती ओरडते आणि चढाला मरते,
तौसिफला हे सांगून सांगून घसा बसला माझा.
जाळीची नळी, तिच्यावर काचेची लोकर,
किती दाबायची ते बोटांना कळतं.
तांबट आळीत आमचे अण्णा घंगाळ ठोकायचे.
झालं की मधल्या बोटाने टिचकी मारून कान लावायचे.
"अजून बोबडं बोलतंय."
परत हातोडी.
घंगाळं गेली. टिचकी माझ्या बोटात राहिली.

पोलिसांचं मला सांगू नका.
मार्चमध्ये रोलरखाली घातले त्यात अकरा माझे होते,
गर्दीत उभा राहून टाक्यांवरून ओळखले.

सोमवारी प्रज्वल दोंदे आला. काळी थ्री-फिफ्टी.
दिसायच्या आधीच, वजनकाट्यापाशी होती तेव्हाच म्हटलं,
ही हर्षलची.
हर्षल गायधनी, त्रिमूर्ती चौक.
त्याचा पाइप कापला नव्हता, स्टेनलेसचा नवा वळवला होता,
चार रविवार गेले.
मग रात्री साडेबाराला राणेनगरच्या बोगद्यात नेऊन ऐकली:
आत घुमली,
आणि बाहेर पडताना, कुणी मोठ्ठं दार
झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून हळू लावावं, तशी.
तसं माझ्या हातून परत झालेलं नाही.

"सेकंडहँड घेतली," प्रज्वल म्हणाला. "आवाज बदलून द्या."
का, फाटला?
"नाही हो. माझी सेकंड शिफ्ट. बाराला त्यांच्या गल्लीतून येतो.
त्याची आई रोज गॅलरीतला दिवा लावते.
मला वाटलं, योगायोग.
काल खाली आली. फाटक उघडून उभी.
मी हेल्मेट काढलं, तर म्हणाली,
तुम्ही होय.
मग म्हणाली, जेवण झालं का तुमचं."

हर्षल कुठाय?
"गेला."
पुण्याला गेला, कॅनडाला गेला, की गेला,
आपल्याकडे शब्द एकच आहे,
आणि मी पुढचा विचारला नाही.

दुसऱ्या रस्त्याने जात जा, म्हणालो.
"जातो. एक गल्ली सोडून. तिथूनही ऐकू येतं त्यांना."
येणारच.

कंपनीचा पाइप माळ्यावर होता, खडूने नाव घातलेला.
ठेवा दादा, पासिंगला लागेल, म्हणाला होता.
दोन नट, एक क्लॅम्प.
वीस मिनिटांचं काम, तासभर केलं.
किक मारली. कुणाचीही असेल अशी वाजली.
प्रज्वलने पैसे विचारले, मी काहीतरी आकडा सांगितला.
वजनकाट्यापलीकडे गेल्यावर मला ती ऐकू आली नाही.

बाराला जागाच होतो.
आता तो गल्लीतून गेला असेल, म्हटलं,
कुणीच उठलं नसेल.
आणि मग पडल्या पडल्या सुचलं
जे तासभर स्पॅनर धरून सुचलं नव्हतं:
रोज बाराला जे यायचं ते आज आलं नाही,
म्हणून कुणी अंथरुणात उठून बसलं असेल तर?

सकाळी तौसिफ पाइप पुसत होता.
"सात हजारांत जाईल हा, अजून चकाकतोय."
मी टिचकी मारली.
मग त्याच्याकडे खडू मागितला.