मुकी नळी

बर्फ सुटू लागला की हिऊमा बेटावरून मला बोलावणं येतं.
चर्चचा ऑर्गन हिवाळाभर आखडलेला,
भात्याच्या चामड्याला भेगा, कड उंदरांनी कुरतडलेली.
मेंढीचं कातडं, सरस, एक मेणबत्ती
घेऊन मी त्याच्या पोटात शिरतो.

बासष्ट साली कमिटीच्या साहेबानं विचारलं होतं,
"कॉम्रेड विल्लू, देव आहे?"
म्हटलं, ठाऊक नाही.
त्याचं पेन थांबलं. छापील कागदावर दोनच चौकटी होत्या.
पियानोच्या कारखान्यातली नोकरी गेली,
पुढली नऊ वर्षं मासळीच्या पिंपांना झाकणं ठोकली.

आता पाद्री उर्मो, पोरसवदा, दाढी धड न फुटलेली,
कॉफी ओतता ओतता तेच विचारतो.
तेच सांगतो.
तोही थांबतो. कॉफी बशीत सांडते.
राज्य बदललं, नाणी बदलली,
माझं वाक्य तेवढं तसंच राहिलं.
कधी शंका येते,
मीही याचीच जपमाळ ओढतोय की काय.

म्हातारी साल्मे शेवटच्या बाकावर बसते.
सगळ्यांची तोंडं वेदीकडे,
ही मान वळवून वर सज्जाकडे बघत गाते,
ऑर्गनच्या मधल्या, सर्वांत उंच नळीकडे.
ती नळी मुकी आहे.
लाकडाची, शोभेची, वरून कथलाचा रंग.
तिच्यात वारा जातच नाही, मी हात घालून पाहिलंय.
सांगून टाकावं, असं कितीदा ओठांवर आलं.

यंदा शिडी धरायला तीच आली.
"मधलीला नीट पूस. बाबांनी रंधलेली आहे,
लढाईत खरी वितळवायला नेली तेव्हा."
"म्हणजे तुला ठाऊक होतं?"
"सात वर्षांची होते. रंगाचा डबा मीच धरला होता."
"आणि तरी तिच्याकडे बघून—"
"कुठंतरी बघावं लागतं, विल्लू. तू कुठं बघतोस?"

सरस थंड होत चालला होता.
मी चामडं ताणत राहिलो, गरजेपेक्षा जास्तच.

रविवारी वीज गेली. पंखा बंद.
ऑर्गनमागे जाऊन मी जुनी पट्टी पायानं दाबू लागलो.
माझ्या पोटरीतला जोर वारा होऊन
लाकडातून, शिशातून वर चढला
आणि खाली चाळीस माणसांनी तोंडं उघडली.
त्याच्या पलीकडे तो कुठं गेला, ठाऊक नाही.
साल्मे खोकली,
आणि नेहमीसारखी
सगळ्यांच्या मागून, अर्धी ओळ उशिरा, सुरू झाली.
पाय दुखत होता. मी थांबलो नाही.