अनइक्विव्होकल

शुक्रवार. खाली म्हापशाचा बाजार,
वर नोटरीच्या खोलीत मी टाइप करतेय
हक्कसोडीचा मसुदा.
तिसऱ्या कलमात बोटं अडली:
अनइक्विव्होकल संमती.
दोनदा स्पेलिंग चुकलं, मग कोश काढला.
ज्यातून दुसरा अर्थ निघत नाही, असं.

समोर द्वारकाबाय पार्सेकर,
मांडीवरच्या पिशवीत मिरच्यांची माळ.
भाऊ म्हणाला, समजावून सांग तिला.
सांगितलं. म्हटलं, तुमचं हो म्हणजे नुसतं हो,
त्याच्या पोटात काही नाही.

ती म्हणाली, "बरं."

आता हे बरं मी कुठल्या कोशात बघू?
आमच्याकडे बरं म्हणजे चालेल,
बरं म्हणजे पुरे कर,
आणि एक बरं असतं
ते जेवणाच्या ताटावरून उठताना म्हणतात,
अर्धं जेवून.

सहीसाठी तिनं भावाचाच चष्मा घेतला.
सही केली. चष्मा काढला नाही.
इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत विचारलं,
"ह्यात आईचा फणस कुठं आलाय गो?"

मी शोधून दाखवलं.
पान दोन, शेवटची ओळ:
झाडांसहित.